सेल्फ घेत नाही? आधी बॅटरी आणि वायरी तपासा

दिवाळीला किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत चेन्नईतली मराठी कुटुंबे महिनाभरासाठी गावी जातात. गाडी इमारतीखाली उभी राहते. परतल्यावर किल्ली फिरवावी, तर नुसते कट-कट वाजते किंवा काहीच होत नाही. मग ‘सेल्फ गेला’ असे ठरवून लोक थेट नव्या सेल्फची चौकशी करतात. १९६१ साली स्थापन झालेली ल्युकास-टीव्हीएस ही कंपनी चेन्नईच्या पाडी भागात सेल्फ आणि अल्टरनेटर बनवते. सुटे भाग जनरल पॅटर्स रोडवर मिळतात आणि जुने पुदुपेटमध्ये. त्यामुळे सेल्फ मिळणे इथे अवघड नाही, पण बहुतेक वेळा तो बदलायची गरजच नसते.

गैरसमज : गाडी बंद होती, म्हणजे बॅटरी खर्च झाली नाही.

वस्तुस्थिती : बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक आणि इंजिनचा कंट्रोल युनिट थोडी थोडी वीज घेत असतात. ही ओढ ५० मिलिअँपिअर धरली, तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात. लहान गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते, म्हणजे पंधरा दिवसांत ती निम्मी रिकामी होते. त्यात उष्णतेची भर पडते. तापमान दहा अंशांनी वाढले की बॅटरीचे आपोआप उतरणे जवळपास दुप्पट होते, आणि चेन्नईत खरा थंडीचा महिना असा नसतोच. उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे घट्ट बसतात. तशीच पडून राहिली तर ती पुढे चार्ज घेईनाशी होते.

गैरसमज : हॉर्न वाजतो, दिवे लागतात, म्हणजे बॅटरी ठीक आहे.

वस्तुस्थिती : दिव्यांना काही अँपिअर पुरतात. सेल्फला मात्र लहान पेट्रोल गाडीतही शंभर-दीडशे अँपिअर लागतात, डिझेलला त्याहून जास्त. बॅटरीची खरी कसोटी या भाराखालीच लागते. गाडी काही तास बंद ठेवून मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे सुमारे निम्मी, ११.९ च्या खाली म्हणजे रिकामी. मग दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून मीटरकडे पाहा. आकडा ९.६ च्या खाली कोसळला, तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासा. तरीही कोसळत असेल तर बॅटरी बदलायला हवी.

गैरसमज : ‘टक्’ आवाज आला, म्हणजे सेल्फ जळाला.

वस्तुस्थिती : आवाज आणि दिवे एकत्र पाहावे लागतात. भराभर कट-कट होऊन दिवे मंदावत असतील, तर बॅटरी उतरली आहे किंवा जोडणी सैल आहे. एकच ‘टक्’ होऊन दिवे प्रखरच राहिले, तर सोलेनॉइडचे संपर्क किंवा सेल्फचे कार्बन ब्रश यांवर संशय घ्यावा. आवाजच नसेल तर फ्यूज, रिले, क्लच स्विच, ऑटोमॅटिक गाडीत गिअरची स्थिती, शिवाय उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बघा. आणि इंजिन फिरतेय पण पेटत नाही, तर सेल्फ निर्दोष आहे. दोष इंधनात किंवा स्पार्कमध्ये शोधा.

टर्मिनल कधीच विसरू नका. समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेत त्यांवर पांढरी-हिरवी भुकटी लवकर जमते. आधी निगेटिव्ह वायर काढा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासून कोरडे करा आणि घट्ट आवळा. इंजिनकडून बॉडीला येणारी अर्थिंगची पट्टीही तपासा. पुष्कळ ‘गेलेले’ सेल्फ एवढ्यानेच चालू होतात.

गैरसमज : किल्ली धरून ठेवली की कधीतरी सुरू होईल.

वस्तुस्थिती : सेल्फ क्षणभराच्या जड कामासाठी बनवलेला असतो. सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये एक-दोन मिनिटे थांबा, नाहीतर धडधाकट आर्मेचरही जळते. जम्पर केबल लावताना आधी लाल वायर उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावा. धक्का स्टार्ट फक्त मॅन्युअल गिअरच्या गाडीला चालतो.

गैरसमज : पुराचे पाणी ओसरले, आता एकदा सेल्फ मारून बघू.

वस्तुस्थिती : सर्वांत महाग पडणारी चूक हीच. २०१५ च्या पुरात आणि डिसेंबर २०२३ च्या मिचाँग वादळात चेन्नईतल्या असंख्य गाड्या बुडाल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर पावसाच्या इशाऱ्यावरूनच वेळाचेरीच्या रहिवाशांनी गाड्या उड्डाणपुलावर नेऊन लावल्या, आणि ते शहाणपणाचे होते. पाणी दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये शिरले असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा नुकसानीची भरपाई साध्या विमा पॉलिसीत सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळे घ्यावे लागते. बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवू नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि गाडी टो करून न्या.

गैरसमज : आठवड्यातून पाच मिनिटे इंजिन चालू केले की पुरे.

वस्तुस्थिती : सेल्फने खर्च केलेली वीज पाच मिनिटांच्या आयडलिंगमध्ये धड भरून निघत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी रस्त्यावर चालवा. महिनाभर बाहेर जाणार असाल, तर निगेटिव्ह वायर काढून ठेवा किंवा शेजाऱ्यांकडे किल्ली द्या.

आधी बॅटरी, मग टर्मिनल आणि अर्थिंग, मग फ्यूज आणि रिले, आणि शेवटी सेल्फ, हा क्रम सोडू नका. गॅरेजमध्ये नवा सेल्फ सुचवला गेला, तर होकार देण्याआधी भाराखालचा व्होल्टेज तुमच्यासमोर मोजून दाखवायला सांगा.