शतावरी : गुण, मर्यादा आणि मुळांची उपलब्धता

बाळंतिणीला दुधातून शतावरी कल्प देण्याची प्रथा महाराष्ट्रातील असंख्य घरांत आजही पाळली जाते. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत उल्लेखिलेली ही वेल आता मात्र केवळ बाळंतिणीच्या खोलीपुरती राहिलेली नाही. रजोनिवृत्तीच्या काळातील तक्रारी, पाळीची अनियमितता, वंध्यत्व अशा नाना कारणांसाठी तिच्या मुळांचा अर्क गोळ्यांच्या रूपाने खपू लागला आहे. केंद्रीय आयुष मंत्रालयानेही २०२५ मध्ये शतावरीच्या प्रसारासाठी खास मोहीम हाती घेतली. मागणी वाढत असताना, या मुळांपासून नेमका लाभ कोणता, ती कोणी घेऊ नयेत आणि ती येतात कोठून, हे प्रश्न ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना टाळता येण्यासारखे नाहीत.

शतावरी ही काटेरी, वर चढणारी वेल होय. सुईसारख्या बारीक हिरव्या काड्या, लहान पांढरी सुगंधी फुले व पिकल्यावर लाल होणारी फळे ही तिची ओळख. जमिनीखाली एकाच गड्ड्यापासून दोन्ही टोकांना निमुळत्या, पांढरट मुळांचा झुबका फुटतो. त्यावरूनच शतमुळी हे नाव पडले. औषधात वापरतात ती हीच मुळे.

काही वनस्पतींमध्ये इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाशी साधर्म्य असलेली द्रव्ये असतात. शरीरातील पेशींवर संप्रेरक जेथे चिकटते तेथेच ती चिकटू शकतात. परंतु त्यांचा परिणाम सामान्यतः बराच सौम्य असतो. सोयाबीनमधील आयसोफ्लेव्होन हे त्यांचे परिचित उदाहरण. सौम्य म्हणजे निरुपद्रवी, असे मात्र नव्हे. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९४० च्या दशकात एका जातीच्या क्लोव्हर गवतावर चरणाऱ्या मेंढ्यांमध्ये वंध्यत्वाची साथच पसरली. तिचे कारण गवतातील अशा द्रव्यांत सापडले.

शतावरीच्या मुळांत शतावरीन नावाची सॅपोनिन द्रव्ये मुख्यत्वे आढळतात. आयसोफ्लेव्होनचाही उल्लेख संशोधनात आहे. सॅपोनिनची रासायनिक बांधणी संप्रेरकांच्या सांगाड्याशी मिळतीजुळती असते, म्हणून या मुळांपासून शरीरात संप्रेरक तयार होते असे विक्रेते सांगतात. हे खरे नाही. रसेल मार्कर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात मेक्सिकोतील रानकंदापासून संप्रेरक बनविले, पण ते प्रयोगशाळेत. मानवी शरीराला ती प्रक्रिया साधत नाही.

दूधवाढीच्या गुणाची परीक्षा भारतातच झाली आहे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत शतावरीप्रधान औषध घेणाऱ्या व न घेणाऱ्या मातांत लक्षणीय फरक आढळला नाही. २०११ मधील दुसऱ्या चाचणीत ६० मातांना ३० दिवस पाहण्यात आले. तीत शतावरी घेणाऱ्यांच्या रक्तातील प्रोलॅक्टिन या दूधकारक संप्रेरकात अधिक वाढ दिसली. दोन्ही चाचण्या लहान आहेत. तात्पर्य, परंपरेला खोटे ठरविण्याइतका पुरावा नाही आणि हमी देण्याइतकाही नाही. बाळाला वारंवार अंगावर घेणे, त्याने स्तन नीट पकडला आहे की नाही ते पाहणे आणि मातेला पोटभर आहार मिळणे, या गोष्टींची जागा कोणताही कल्प घेऊ शकत नाही. रजोनिवृत्तीतील तक्रारींबाबतचा पुरावा तर याहूनही तोकडा आहे.

सुरक्षिततेचा विचार करताना कल्प आणि अर्क यांत भेद केला पाहिजे. कल्पात साखरेचा भाग मोठा असतो, ही गोष्ट मधुमेही बाईला कोणी सहसा सांगत नाही. अर्कात द्रव्ये एकवटलेली असतात, त्यामुळे घरगुती चूर्णाचा अनुभव त्यास लागू पडत नाही. स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊ नये. मूत्रल औषधे वा लिथियम घेणाऱ्यांनी आणि शतावरी वर्गातील भाज्यांची ॲलर्जी असणाऱ्यांनीही हीच दक्षता घ्यावी. गरोदरपणात परंपरेने शतावरी दिली जाते हे खरे. तथापि प्राण्यांवरील एका प्रयोगात अर्कामुळे गर्भावर अनिष्ट परिणाम आढळले आहेत, म्हणून वैद्यकीय देखरेखीवाचून त्या काळात ती नको.

पाकिटावर परवाना क्रमांक, तुकडी क्रमांक व घटकांची नोंद आहे की नाही हे साक्षर सूनही वाचू शकते. वंध्यत्व, पाळीचे विकार, गर्भाशयाचे रोग यांवर हमखास गुण देण्याची जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादूटोणाविषयक उपाय अधिनियमाने निषिद्ध आहे. आठवडी बाजारात कर्ण्यावरून होणाऱ्या घोषणाही जाहिरातच ठरतात.

खरी चिंता आहे ती मुळांच्या पुरवठ्याची. पाने तोडली तर झाड पुन्हा पालवते. मूळ उपटले तर वेलच संपते. जंगलातील शतावरी खणणारा माणूस बहुधा गरीब असतो. व्यापारी वजनावर पैसे देतो आणि ओली मुळे वाळल्यावर वजन फारच घटते. त्यामुळे तो अधिक वेली खणतो, फळे पिकण्यापूर्वीच खणतो, आणि पुढील वर्षी त्याच डोंगरावर त्याला दूर जावे लागते. माल कमी पडला की शतावरीच्या इतर जातींची मुळे त्यात मिसळली जातात. सोलून वाळविल्यावर ती ओळखणे जाणत्यासही कठीण जाते.

उपाय साधे आहेत. फळे पिकून बी पडल्यानंतरच खणावे, गड्डा काही मुळांसह जागेवर ठेवून माती ओढावी, कोवळ्या वेलींना हात लावू नये. लागवडही शक्य आहे. बियांपासून रोपे करून पावसाळ्याच्या आरंभी निचऱ्याच्या जमिनीत सरीवरंब्यावर लावतात व वेलींना आधार देतात. काढणीस दीड ते दोन वर्षे किंवा अधिक काळ लागतो. त्यानंतर मुळे धुऊन, उकळून, साल काढून व मधली तार ओढून वाळवावी लागतात. हे काम वेळखाऊ असून मजुरीचा मोठा वाटा त्यातच जातो. खरेदीदार निश्चित नसताना एकरभर लागवड करण्याचा उत्साह शेतकऱ्याने आवरलेला बरा.

वनहक्क अधिनियम, २००६ अन्वये औषधी वनस्पती, मुळे व कंद हे गौण वनोपज ठरतात आणि पात्र वनवासींना त्यांवर मालकी हक्क मिळतो. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार स्थापन होणाऱ्या व्यवस्थापन समितीने लोकजैवविविधता नोंदवहीत शतावरी कोणत्या डोंगरावर, किती विरळ झाली आहे हे लिहून ठेवावे. शाळेतील मुलांना बरोबर घेतल्यास ही पाहणी एका हिवाळ्यात होऊ शकेल. ग्रामसभेने त्या आधारे खणण्याचा हंगाम ठरवावा व काही भाग आळीपाळीने बंद ठेवावा. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार गौण वनोपजाचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या समितीकडे आला आहे. हंगामाबाहेर खणलेल्या मुळांना तो नाकारण्याचा ठराव ग्रामसभेत मांडता येईल.