फोटोत ताऱ्याची रेघ का होते?

इ.स. 964च्या सुमारास अब्दुर्रहमान अल-सूफींनी आपल्या ग्रंथात नोंदवलेली देवयानी दीर्घिका चिखलदऱ्याच्या अंधारात आजही नुसत्या डोळ्यांनी दिसते. तिचा फोटो घ्यायचा म्हटले, की मुले आमच्याकडे येतात आणि मागून पालक विचारतात, ‘सर, कॅमेरा कोणता घ्यावा?’

आम्ही म्हणतो, आधी बैठक बघा. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश दर सेकंदाला सुमारे 15 विकला सरकते. मोटरचे माउंट दुर्बिणीला त्यासोबत फिरवते, पण गिअरच्या दात्यांत थोडी खोट असतेच. म्हणून मुख्य दुर्बिणीवर छोटी गाइड दुर्बीण बसवतात. तिचा कॅमेरा एका ताऱ्यावर नजर ठेवतो. तारा हलला की संगणक माउंटला सावरतो. त्यासाठी पीएचडी2 हे सॉफ्टवेअर मोफत आहे.

ही गाइड दुर्बीण एकाच स्क्रूवर टेकवली तर ती स्वतःच केसभर झुकते. तिच्या कॅमेऱ्याला तारा जागेवर दिसतो, फोटोत मात्र रेघ! तिला दोन कड्यांत घट्ट आवळा, लोंबणाऱ्या वायरी बांधा. कॅमेरा छोटा, कृष्णधवल असला तरी चालतो. उलट तो प्रकाश जास्त टिपतो. 400-500 मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला 50 मिलिमीटर भिंगाची, 200 मिलिमीटर नाभीय अंतराची गाइड दुर्बीण पुरते. महागडी घेऊन घरखर्चाला कात्री लावू नका.

ईदच्या चांदसाठी पश्चिम मोकळी लागते, इथे उत्तर. माउंट ध्रुवताऱ्याकडे रोखायचे असते आणि अमरावती-अकोल्यात तो क्षितिजापासून जेमतेम 21 अंशांवर असतो. शेजारची दुमजली इमारतही त्याला झाकते.