पिल्लाला नदीवर न्यावे का?

पौषात कयाधूकाठी हुरडा खायला निघालात की कुत्र्याचे पिल्लूही मागे लागते. न्यावे का? थोडे गणित करू. समजा, पिल्लाची लांबी, रुंदी, उंची मोठ्या कुत्र्याच्या निम्मी आहे. मग कातडीचे क्षेत्रफळ पाव, पण वजन एक-अष्टमांश! म्हणजे दर किलोमागे उष्णता निसटायला दुप्पट कातडी. त्यात पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २४ पट. तुम्ही मजेत डुंबत असता तेव्हा ते कुडकुडू लागते. तेव्हा न्या अवश्य, पण काठावरच खेळू द्या. तुमच्या पोटरीइतके पाणी त्याच्या डोक्यावरून जाते, हे वेगळेच. माझे पिल्लू एकदा असेच गारठले होते. पंचाने खसाखसा पुसून उन्हात धरले, तेव्हा कुठे शेपटी हलली.