गोळी भरकटते कोठे?

अमेरिकेत घरच्या घरी काडतुसे भरण्याचा छंद जुना आणि कायदेसंमत आहे. वापरलेल्या पितळी पुंगळीतून जळकी टोपी काढावी, पुंगळी साच्यात दाबून पुन्हा मापात आणावी, नवी टोपी बसवून तोलून धूरहीन दारू ओतावी, वर शिशाची गोळी दाबावी आणि पुंगळीचा काठ आत वळवून ती जखडून टाकावी, असा त्याचा एकंदर विधी. या छंदिष्टांची नेहमीची फिर्याद अशी की, मॅग्नम रिव्हॉल्व्हरमध्ये स्वतः भरलेली काडतुसे घातली की नेम फाकतो. आणि फिर्यादीचा पहिला संशय हटकून दारूवर जातो. मग दारू बदलली जाते, तिचे वजन गुंजभर इकडे, गुंजभर तिकडे केले जाते, शिशाबरोबर पैसाही उडतो आणि लक्ष्यावरची छिद्रे होती तशीच विखुरलेली राहतात. वस्तुतः चौकशी सुरू व्हावयास हवी ती गोळीचा व्यास आणि तिच्या वाटेवरील पोलादाचा व्यास यांमधील तफावतीपासून.

मॅग्नमचा जन्मच मुळी अशा हौशी लोकांच्या उद्योगातून झाला. आयडाहोचा पशुपालक एल्मर कीथ याने 1920 नंतरच्या दशकात जुन्या .44 स्पेशल काडतुसात जोरकस दारू भरून पाहिली आणि त्यासाठी सपाट नाकाची, ठळक खांद्याची शिशाची गोळी आखली. 1935 साली स्मिथ अँड वेसनने .357 मॅग्नम बाजारात आणले, तेव्हा त्याची पुंगळी .38 स्पेशलपेक्षा सुमारे अष्टमांश इंच लांब ठेवण्यात आली. हे जहाल काडतूस जुन्या, दुबळ्या रिव्हॉल्व्हरमध्ये शिरूच नये, हा त्यामागील हेतू होता. 1955 साली .44 मॅग्नम आले. नावातील आकडा येथे फसवा आहे, कारण त्याची गोळी प्रत्यक्षात 0.429 ते 0.430 इंच व्यासाची असते.

रायफलीत काडतुसाचे घर आणि नळी एकाच पोलादात एका रेषेत कोरलेली असतात. रिव्हॉल्व्हरमध्ये तसे नाही. येथे फिरत्या चक्रात बहुधा सहा घरे, प्रत्येक घराच्या पुढच्या टोकाला एक अरुंद गळा, त्यापुढे चक्र आणि नळी यांच्यामधील इंचाच्या काही सहस्रांशांची उघडी फट, आणि मग नळीचे शंक्वाकृती तोंड, अशी वाट गोळीला एका सेकंदाच्या अत्यल्प अंशात ओलांडावी लागते. गळा नळीतील चरांच्या व्यासापेक्षा लहान असला, तर गोळी तेथेच पिळली जाऊन बारीक होते आणि पुढे नळीत सैल पडते. मग तप्त वायू तिच्या अंगावरून पुढे निसटतो, शिसे कापत जातो आणि ते नळीच्या चरांत लिंपून ठेवतो. असे लिंपण साचले की पुढच्या गोळ्यांना धड फिरकी मिळत नाही. कित्येकांना वाटते की कठीण मिश्रधातूची गोळी घेतली की हा उपद्रव थांबेल. पण दाबाच्या मानाने गोळी फार कठीण असली, तर तिचा तळ फुगून नळीला चिकटत नाही आणि वायूची वाट उलट मोकळीच राहते.

याचा तपास मुळीच अवघड नाही. रिकाम्या रिव्हॉल्व्हरच्या तेल लावलेल्या नळीतून मऊ शिशाचा एक गोळा काठीने हळूहळू ढकलावा आणि बाहेर आल्यावर मायक्रोमीटरने मोजावा, की चरांचा व्यास कळतो. ढकलताना हाताला जे जाणवते तेही साक्षीइतकेच मोलाचे असते: नळी जेथे सांगाड्यात आटे फिरवून घट्ट बसवलेली असते, तेथे पुष्कळदा ती किंचित आवळली गेलेली असते आणि काठी अचानक जड लागते. मग सहाही गळे मोजावेत. शिशाची गोळी चरांहून सहस्रांश इंच मोठी, आणि गळा गोळीएवढा किंवा केसभर मोठा, हे प्रमाण साधले म्हणजे अर्धी कैफियत निकालात निघाली.

दुसरे प्रकरण जडत्वाचे. जबर झटक्याने रिव्हॉल्व्हर मागे येते, त्याबरोबर न उडालेल्या काडतुसांच्या पुंगळ्याही मागे येतात, पण त्यांतील जड गोळ्या जागच्या जागी राहू पाहतात आणि दर बारानंतर थोड्या थोड्या बाहेर सरकतात. दारूसाठी जागा वाढते, दाब आणि वेग बदलतो, आणि गोळी फारच पुढे आली तर चक्रच अडते. पाच बार काढून सहावे काडतूस बाहेर घ्यावे व त्याची लांबी आधीच्या नोंदीशी ताडून पाहावी. फरक दिसला तर पुंगळीची पकड ढिली आहे किंवा काठ गोळीच्या खाचेत नीट वळलेला नाही. लांब पुंगळीत दारू थोडी असली, तर ती पुढे गोळीपाशी आहे की मागे टोपीपाशी, यावरही वेग बदलतो. मंद जळणाऱ्या दारूचे माप मनाने घटवण्याची मुभा मात्र कोणीही घेऊ नये. काही दारूंच्या बाबतीत निर्मात्याने ठरवलेल्या किमान मापाखाली जाणे कमाल मापापलीकडे जाण्याइतकेच धोक्याचे असते. आपल्याकडे तर 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे हा गुन्हाच आहे.

एवढे करूनही माणूस फसतो तो आकड्यांत. 25 यार्डांवर वाळूच्या पिशवीवर हात टेकून पाच गोळ्या झाडल्या आणि छिद्रांचा पसारा दीड इंच भरला, की भरणारा हर्षभराने नवी दारू श्रेष्ठ ठरवतो. पण तीच काडतुसे पुढच्या पाच गोळ्यांत अडीच इंच पसरली, तर त्यात अघटित काहीच नाही. पाचांच्या संचातील टोकाच्या दोन छिद्रांमधील अंतर हे स्वभावतःच चंचल माप आहे. दोन संचांची तुलना करून काढलेला निष्कर्ष बहुधा योगायोगालाच दिलेली बक्षिसी असते. किमान वीस गोळ्या, आणि एका वेळी एकच बदल, याखेरीज काही सिद्ध होत नाही.

म्हणून दारूला हात लावण्यापूर्वी चक्रातील घरांना क्रमांक द्यावेत आणि प्रत्येक घरातून स्वतंत्र कागदावर गोळ्या झाडाव्यात. पाच घरे एका ठिकाणी मारतात आणि एकच घर दूर मारते असे आढळले, तर काडतुसे बदलून काहीही सुधारणार नाही. ते चक्र कुशल शस्त्रकारागिराकडेच गेले पाहिजे.