थंडींतील कुरकुर : विजेच्या मोटारीची स्वरपरीक्षा

मोटार आवाज करूं लागली कीं तिचा मालक अस्वस्थ होतो. आणि मोटार विजेची असली तर तो अधिकच घाबरतो, कारण ही गाडी मुकीच असावयाची अशी त्याची समजूत झालेली असते. मार्गशीर्ष-पौषांतील सकाळ घ्यावी. देवणी, उदगीर, निलंगा या पठारी मुलखांत रात्रभर गाडी अंगणांत दंवांत उभी राहिलेली असते. सकाळीं ती बाहेर काढून पहिल्या गतिरोधकावरून नेली कीं पुढील चाकाजवळून 'कुर्र' असा स्वर उठतो. पांच-सात किलोमीटर गेल्यावर तो मंदावतो आणि दुपारीं उन्हांत तर नाहींसाच होतो. मालक गाडी दुपारीं कारागिराकडे नेतो. तेथें ती निमूटपणें चालते. मग एक तर मालक 'भास झाला' म्हणून परत येतो, किंवा कारागीर अंदाजानें शॉकप बदलून देतो आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं तोच स्वर पुन्हां उठतो.

हे दोन्ही शेवट वाईट. आवाज निरुपद्रवी असेल तर हजारों रुपये व्यर्थ गेले. आणि तो खरोखर धोक्याची सूचना असेल तर दुर्लक्ष करणाऱ्याच्या गाडीचें चाक भर रस्त्यांत निखळावयाचें. म्हणून आवाज कोणता, तो कोठून येतो आणि थंडीशीं त्याचा संबंध काय, हें क्रमानें पाहणें अगत्याचें आहे.

देवणीचें नांव दूरवर झालें तें तेथील गोवंशामुळें. वानेरा, बालंक्या आणि शेवेरा असे या गोवंशाचे तीन प्रकार मानतात. त्याचा बैल कामास दणकट आणि गाय दुधास चांगली. जेथें बैल तेथें बैलगाडी, आणि जेथें बैलगाडी तेथें आवाजावरून वाहनाची परीक्षा करण्याची विद्या पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. आंस कोरडा पडला कीं गाडी करकरते. चाकाची लोखंडी धांव सैल झाली कीं ती खडखडते. करकरणाऱ्या गाडीस वंगण हवें, खडखडणाऱ्या गाडीस लोहार हवा, हें कोणाहि गाडीवानास सांगावें लागत नाहीं. विजेच्या मोटारीची परीक्षाहि याच दोन शब्दांवर उभी आहे : एक कोरडा आवाज आणि दुसरा ढिला आवाज. तिसरा एक प्रकार आहे, तो केवळ दिशाभूल करणारा. त्याचा विचार शेवटीं करूं म्हटलें तरी चालेल.

प्रथम थंडीचें कार्य पाहावें. मोटारीचें अंग व तिचीं चाकें यांच्यामध्यें स्प्रिंगा, शॉकप आणि पोलादी दांडे असतात. हे दांडे जेथें जेथें जोडलेले असतात तेथें रबराचे बुश किंवा चेंडूसारखे फिरणारे सांधे असतात. या सांध्यांना कारागीर बॉल जॉईंट म्हणतात. थंडीनें पोलाद आंखडतें आणि म्हणून सांधे वाजतात, असें पुष्कळांस वाटतें. परंतु हिशेब तसें सांगत नाहीं. एक मीटर लांबीचा पोलादी दांडा वीस अंशांनीं थंड झाला तर तो सुमारें पाव मिलिमीटर आंखडतो. एवढ्यानें चांगली गाडी कुरकुरावयाची नाहीं. खरें कारण रबरांत आहे.

कच्चें रबर उन्हांत चिकट व थंडींत ताठ होत असे. गंधकासह तापविल्यास त्याचा हा दोष पुष्कळ कमी होतो, हें चार्ल्स गुडइयर यानें १८३९ साली शोधून काढलें. तथापि तो दोष मुळींच नाहींसा झाला नाहीं. तापमान उतरूं लागलें कीं आजचेंहि रबर अधिक ताठ होतें, आणि त्याचें आंखडणें पोलादाच्या दहा पटींहून अधिक असतें. त्यामुळें नव्या बुशांत जी घट्ट मिठी असते ती जुन्या, झिजलेल्या बुशांत थंडीच्या वेळीं सैल पडते. मग दांडा रबरावर सरकूं पाहतो, क्षणभर अडकतो, सुटतो, पुन्हां अडकतो. हें अडकणें-सुटणें एका सेकंदांत शेंकडों वेळां झालें कीं त्याचाच स्वर होतो. सारंगीच्या तारेवर गज फिरतो तेव्हां नेमकें हेंच घडतें. भेद इतकाच कीं सारंगीचा स्वर हवासा असतो आणि बुशाचा नकोसा.

रबराप्रमाणेंच शॉकपमधील तेल व सांध्यांतील ग्रीस हींहि थंडीनें दाट होतात. दाट तेल बारीक छिद्रांतून सावकाश वाहतें, म्हणून पहिल्या कांहीं किलोमीटरांत गाडी कडक वाटते. गाडी चालूं लागली कीं तेलाच्या घुसळण्यानें व रबराच्या दबण्या-फुगण्यानें उष्णता उत्पन्न होते आणि सर्व अवयव मोकळे होतात. समुद्रापासून दूर असलेल्या मराठवाड्यांत हिंवाळ्यांतील पहांट व दुपार यांच्या तापमानांत पंधरा अंशांचें किंवा त्याहूनहि अधिक अंतर पडतें. मुंबईच्या दमट हवेंत एवढें अंतर सहसा पडत नाहीं. म्हणून जो दोष मुंबईंत लपून राहील तो देवणींत सकाळीं सातलाच उघडा पडतो.

आतां विजेच्याच गाडीची ही तक्रार अधिक कां? पहिलें कारण अगदीं साधें आहे. पेट्रोलच्या किंवा डिझेलच्या गाडींतहि हेच बुश असतात आणि तेहि कुरकुरतात. परंतु इंजिनाच्या घरघरींत तें ऐकूं येत नाहीं. गिरणी बंद पडल्यावर भिंतीवरचें घड्याळ ऐकूं यावें तसा हा प्रकार आहे. दुसरें कारण वजनाचें. मध्यम आकाराच्या मोटारींतहि बॅटरीचें वजन दोन-तीन क्विंटलांच्या घरांत जातें, आणि तो सारा भार याच सांध्यांवर पडतो. तिसरें कारण असें कीं विजेचा मोटर आपलें बळ एकदम देतो आणि पाय उचलतांच तोच मोटर उलट काम करून गाडी आंवरतो व बॅटरींत वीज परत भरतो. त्यामुळें बुशांवर पुढें-मागें असा ताण प्रत्येक वेळीं बदलत राहतो. २००१ साली बंगळूरची रेव्हा व जानेवारी २०२० मध्यें टाटांची नेक्सॉन ईव्ही बाजारांत आली; तेव्हांपासून या वाहनांचा प्रसार होत गेला, पण आवाज ओळखण्याची जुनी संवय मात्र अजून इंजिनाच्या गाडीचीच आहे.

परीक्षेस आरंभ करण्यापूर्वीं एक वहीचें पान घ्यावें आणि त्यावर चार गोष्टी लिहाव्या : आवाज कसा, केव्हां, कोठें आणि काय करतांना. 'कुर्र' किंवा 'चूं' असा ओढलेला स्वर हा कोरडा आवाज. तो बहुधा रबराचा. 'ठक्' किंवा 'खट्' असा तुटक ठोका हा ढिला आवाज. तो सांध्यांतील पोकळीचा, सैल बोल्टाचा किंवा निकामी शॉकपचा. थंड सकाळीं येऊन दुपारीं जाणारा आवाज प्रायः कोरडा असतो. सकाळ, दुपार, रात्र सारखाच वाजणारा आवाज ढिला समजून चालावें; त्याचा दोष ऋतूवर लादूं नये.

दुसरी पायरी उभ्या गाडीवरील परीक्षेची. गाडी रात्रभर बाहेर ठेवून सकाळीं ऊन चढण्यापूर्वींच ही परीक्षा करावी. कारागिराकडे नेणें असल्यास आदल्या संध्याकाळींच गाडी तेथें ठेवावी. विजेची गाडी चालूं स्थितींत असली तरी तिचा आवाज होत नाहीं, हें विसरतां कामा नये. म्हणून ती पूर्ण बंद करून किल्ली दूर ठेवावी. मग एकानें गाडीचा एकेक कोपरा दोन्ही हातांनीं दोन-तीन वेळां दाबून सोडावा व दुसऱ्यानें चाकाजवळ कान द्यावा. कान फसतो, कारण पोलादांतून आवाज दूरवर पसरतो. बोट फसत नाहीं. दांड्याच्या टोंकाशीं हलकेच बोट टेकलें असतां जेथें कंप सर्वांत तीव्र लागेल तेंच मूळ. कोपरा सोडल्यावर गाडी एकदां वर येऊन स्थिर झाली तर शॉकप ठीक. ती झुलत राहिली किंवा शॉकपच्या अंगावर तेलाचा ओघळ दिसला तर तो निकामी होत आहे.

तिसरी पायरी पाण्याची. दोन्ही चाकांना जोडणारा जो आडवा वाटोळा गज असतो, त्यास स्टॅबिलायझर बार म्हणतात. थंडींतील कुरकुरीचें मूळ पुष्कळदां त्याच्या बुशांत सांपडतें. त्या एकाच बुशावर थंड पाण्याची धार सोडावी व कोपरा पुन्हां दाबावा. आवाज थांबला तर चोर सांपडला. न थांबल्यास पुढचा बुश घ्यावा. एकाच वेळीं सगळीकडे पाणी ओतलें तर आवाज थांबूनहि बोध कांहींच होत नाहीं. पाणी ऊन घेऊं नये, कारण ऊन पाण्यानें शेजारचें रबरहि मऊ होऊन परीक्षा बिघडते. पाणी हा उपाय नव्हे, ती केवळ खूण आहे; तें वाळलें कीं आवाज परत येणारच.

चौथी पायरी ढिल्या आवाजाची, आणि ती जाणत्या कारागिराकडूनच करवावी. गाडी उचलून चाक वर-खालीं व आडवें धरून हलविलें असतां सांध्यांत खेळ लागतो कीं काय हें कळतें. या गाडीची बॅटरी तळाशीं पसरलेली असते. जॅक भलत्या जागीं लावल्यास तिला इजा होते, म्हणून कंपनीनें दाखविलेल्या जागींच तो लावावा. नारिंगी वेष्टणाच्या तारांना हात लावूं नये; त्यांतून शेंकडों व्होल्टांची वीज वाहते. बॉल जॉईंटवरील रबरी टोपण फाटलें असेल तर काळ्या मातीची धूळ व पाणी आंत शिरून ग्रीस नासतें आणि सांधा झिजतो. असा सांधा प्रथम थंडींत कुरकुरतो, मग ठकठकतो आणि शेवटीं निसटतो. निसटला कीं चाक कोलमडतें व गाडी ताब्यांत राहत नाहीं.

ही शेवटची अवस्था टाळणें हाच या साऱ्या परीक्षेचा हेतु आहे. लातूर-धाराशिव भागांत मार्गशीर्षाच्या अखेरीस वेळ अमावास्या येते. त्या दिवशीं गांवें ओस पडतात आणि घरची माणसें, पाहुणे, भज्जी-आंबिलाचीं भांडीं गाडींत भरून सर्वजण शेतावर जातात. भार पूर्ण, हवा गार आणि वाट चाकोऱ्यांची. वर्षांतील हा दिवस सांध्यांच्या कसोटीचा. ज्याच्या गाडींतून ठोका येत आहे त्यानें आधींच्या आठवड्यांत तो तपासून घ्यावा. तपास झाला नसेल तर त्या दिवशीं ती गाडी काढूं नये.

आतां दिशाभूल करणारे आवाज. विजेच्या गाडींत आंवरण्याचें बरेंच काम मोटर करतो, म्हणून ब्रेकच्या तबकड्या कमी घांसल्या जातात व दंवानें त्यांवर गंज धरतो. पहिल्या दोन-चार वेळां ब्रेक दाबतांना होणारी खसखस या गंजाची असते. त्यांतच बॅटरी फार गार किंवा पूर्ण भरलेली असली म्हणजे मोटर आंवरण्याचें काम कमी करतो आणि तें ब्रेकवर पडतें. म्हणून सकाळीं हा आवाज अधिक. गाडीच्या पोटाखालील प्लॅस्टिकचें आच्छादनहि थंडींत ताठ होऊन कुरकुरतें. तें हातानें दाबून पाहतां येतें. टायरची हवाहि तपासावी. दुपारीं बत्तीस अंशांत पस्तीस पौंड भरलेली हवा पहांटे दहा अंशांत सुमारें साडेतीन पौंडांनीं उतरते, आणि खड्ड्यांतील धक्का सरळ रिमपर्यंत पोंचतो. हवा नेहमीं सकाळीं, गाडी गार असतांना मोजावी.

उपायांविषयीं दोन गोष्टी विशेष सांगण्यासारख्या आहेत. बैलगाडीच्या आंसाला वंगण घालण्याच्या संवयीनें कित्येक जण मोटारीच्या बुशांवर जळकें तेल किंवा डिझेल मारतात. आवाज तत्काळ थांबतो, पण खनिज तेलानें रबर फुगतें व कुजतें आणि कांहीं महिन्यांत कोरड्या आवाजाचा ढिला आवाज होतो. आंस लांकडाचा किंवा लोखंडाचा होता. बुश रबराचा आहे. त्यावर घालावयाचेंच झालें तर सिलिकॉनचें ग्रीस घालावें, आणि तेंहि ब्रेकच्या तबकडीस लागूं न देतां. दुसरी गोष्ट नवे बुश बसवितांना. दांड्यांचे बोल्ट गाडी हवेंत लटकत असतां पक्के आंवळले तर ती खालीं उतरल्यावर रबरास कायमचा पीळ बसतो. तें कुरकुरतें व लवकर फाटतें. गाडी चाकांवर उभी करून, तिचा भार सांध्यांवर आल्यावरच शेवटचा आंवळा द्यावा. नवा बुश घालूनहि आवाज न गेल्याचें रहस्य पुष्कळदां एवढेंच असतें.

सारांश, सकाळीं ऐकावें, लिहून ठेवावें, बोटानें शोधावें, पाण्यानें पडताळावें आणि मगच पैसे खर्चावे. ऊन्हाबरोबर विरणाऱ्या कोरड्या कुरकुरीस घाबरूं नये. तिचें मूळ मात्र एकदां पाहून ठेवावें. परंतु जो ठोका दुपारींहि राहतो, त्यास एक दिवसहि सवलत देऊं नये.