रेकॉर्डर नावाची बासरी

रेकॉर्डर हा शब्द ऐकला की तुम्हांला आवाज मुद्रित करणारे यंत्र आठवेल. पण या नावाची एक बासरीही आहे आणि ती त्या यंत्राहून शेकडो वर्षांनी जुनी आहे. जुन्या इंग्रजीत 'रेकॉर्ड' या क्रियापदाचा एक अर्थ सुरांचा सराव करणे, गुणगुणणे असा होता. त्यावरून हे नाव पडले, असे मानतात.

उरुसात किंवा जत्रेत काठीला बासऱ्या खोचून फिरणारा बासरीवाला तुम्ही पाहिला असेल. त्याच्याकडची एक बासरी आडवी धरून वाजवतात. नवशिक्याने ती फुंकली तर सूर निघत नाही, नुसती हवाच निघते. दुसरी बासरी सरळ तोंडात धरायची असते. तिच्या तोंडाशी लाकडाची खुंटी बसवलेली असते. आपली फुंकर खुंटीवरच्या अरुंद फटीतून जाते, पुढच्या छोट्या खिडकीच्या धारेवर आपटते आणि लगेच सूर निघतो. शिट्टीही अशीच वाजते. रेकॉर्डर या दुसऱ्या जातीची बासरी आहे. तिला पुढच्या बाजूला बोटांसाठी सात भोके असतात आणि मागे अंगठ्यासाठी एक.

युरोपात पंधराव्या-सोळाव्या शतकांत, म्हणजे प्रबोधनकाळात, ही बासरी फार आवडीची होती. त्या काळी एकाच वाद्याच्या लहानमोठ्या आकारांचा संच करून वाजवण्याची पद्धत होती. जणू ते वाद्यांचे एक कुटुंबच! सर्वांत लहान रेकॉर्डर वीतभर असते. तिचा आवाज पाखरासारखा बारीक. मोठी रेकॉर्डर माणसाएवढी उंच असू शकते आणि तिचा आवाज खोल, घुमणारा असतो. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री 1547 साली मरण पावला. त्याच्या मालमत्तेची यादी केली, तेव्हा तीत 76 रेकॉर्डर निघाल्या. राजाला संगीताचा नाद होता. त्याच्या दरबारात व्हेनिसहून आलेले बस्सानो घराण्यातील भाऊ या बासऱ्या वाजवत.

व्हेनिसमध्येच 1535 साली सिल्व्हेस्त्रो गानास्सी याने रेकॉर्डर शिकवणारे पुस्तक छापले. बासरीत फुंकताना जिभेने 'ते', 'रे', 'ले' अशी अक्षरे कशी उच्चारावीत, हे त्यात सांगितले आहे. आपल्याकडे तबला शिकणाऱ्याला बोल पाठ करावे लागतात. इथे तर वादक बोल फुंकरीतच मिसळतो.

पण या बासरीत एक अडचण आहे. जोराने फुंकले तर आवाज थोडा मोठा होतो, पण सूरही वर चढतो. हळू फुंकले तर सूर उतरतो. एकट्याने वाजवताना हे एक वेळ चालून जाईल. चौघे मिळून वाजवत असतील आणि एकाचा सूर जरासा चढला, तर ऐकणाऱ्याच्या कानाला ते लगेच खुपते. म्हणून वादक सतत एकमेकांचे ऐकत असतात. समोर हात हालवून ताल देणारा कोणी नसतो. सुरुवात कधी करायची, हे ते एकमेकांच्या श्वासावरून ओळखतात. बासरी थंड असली तर श्वासातली वाफ त्या फटीत साचते आणि आवाज बसतो. म्हणून वाजवण्यापूर्वी ते बासरी हातांत धरून ऊबदार करतात. असे वादन किती कठीण असेल, याची कल्पना करा!

अठराव्या शतकात मोठे वाद्यवृंद आले. त्यांना आडवी बासरी अधिक सोयीची वाटली. तिचा आवाज वादकाला हवा तसा लहानमोठा करता येतो. रेकॉर्डर मागे पडली आणि तिचे जुने नमुने संग्रहालयात किंवा शौकीन लोकांच्या कपाटात राहिले. आर्नल्ड डॉल्मेच नावाच्या कारागिराकडे असाच एक नमुना होता. 1919 साली लंडनच्या वॉटर्लू स्थानकावर त्याची पिशवी हरवली आणि तीत ती बासरीही गेली. दुसरा कोणी हळहळत बसला असता. डॉल्मेचने स्वतःच नवी रेकॉर्डर तयार केली! पुढे हॅझलमिअर या गावी 1925 पासून तो जुन्या संगीताचा उत्सव भरवू लागला. तिथे त्याच्या घरची माणसे मिळून ही वाद्ये वाजवत. नंतर प्लास्टिकच्या स्वस्त रेकॉर्डर निघाल्या आणि अनेक देशांतील शाळांत मुले त्या वाजवू लागली.

बासरी परत आली, तसे नवे संगीतकारही तिच्यासाठी लिहू लागले. इटलीच्या लुचानो बेरिओने 1966 साली डच वादक फ्रान्स ब्रुगेन याच्यासाठी 'जेस्ती' ही रचना केली. तीत तोंड आणि बोटे आपापली वेगळी कामे करतात, त्यामुळे काय ऐकू येईल याचा अंदाजच लागत नाही. प्रथम ऐकणाऱ्याला ते विचित्र वाटते, हे खरे आहे. पण नुसते जुनेच वाजत राहिले असते, तर ही बासरी पुन्हा कपाटात जायला वेळ लागला नसता, असे मला वाटते.

हॉलंडमधील अ‍ॅम्स्टरडॅम शहरात 1978 साली चार तरुणांनी 'लूकी स्टारडस्ट' नावाचा संच काढला. यातले 'लूकी' हे तिथल्या दूरदर्शनवरील एका छोट्या बाहुल्या-सिंहाचे नाव! नाव गमतीचे असले, तरी काम गमतीचे नव्हते. त्यांच्या कार्यक्रमांत प्रबोधनकाळातले संगीत असे आणि आजच्या संगीतकारांच्या नव्या रचनाही असत. 2007 साली हा संच थांबला. तोवर चार बासऱ्यांचे संगीत ऐकायला लोक तिकीट काढून येऊ लागले होते.