बिअरचं नाव चक्क 'ॲक्ट ऑफ पार्लमेंट'

आजचा शब्द बिअरचा वाटतच नाही. 'ॲक्ट ऑफ पार्लमेंट', म्हणजे संसदेचा कायदा. अठराव्या शतकात इंग्लंडमधले सैनिक पातळ बिअरला असं म्हणायचे.

हा शब्द सापडतो फ्रान्सिस ग्रोस यांच्या १७८५ च्या कोशात. रस्त्यावरची, शिवराळ इंग्रजी त्यांनी त्यात गोळा केली. ते स्वतः मिलिशियात होते, त्यामुळे सैनिकांची भाषा त्यांच्या कानावरची. ते सांगतात, पूर्वी कायद्यानं सराईवाल्याला प्रत्येक सैनिकाला पाच पाइंट 'स्मॉल बिअर' फुकट द्यावी लागायची. पाच पाइंट म्हणजे जवळपास तीन लिटर!

पण स्मॉल बिअर म्हणजे काय? कडक बिअर काढून झाली की त्याच माल्टवर परत पाणी घालून काढलेली. चहाच्या चोथ्यावर पुन्हा पाणी उकळलं की जो चहा होतो ना, तसला प्रकार. म्हणून नावात टोमणा आहे: ही बिअर कुणी प्रेमानं पाजत नाहीये, कायदा पाजतोय. आणि कायद्याची बिअर जेवढी कडक असायची तेवढीच कडक.

सराईवाल्याला मात्र हसू येत नसणार. तेव्हा फौजेसाठी पुरेशा बराकी नव्हत्या. लोकांच्या घरात सैनिक घुसवण्याविरुद्ध १६२८ मध्येच संसदेनं राजाकडे तक्रार केली होती. मग सैनिक गेले सराया आणि गुत्त्यांत. फौज राजाची, खर्च गुत्तेवाल्याचा.

हेच पाच पाइंट १७६५ च्या कायद्यानं अमेरिकन वसाहतींच्या गळ्यात पडले: बिअर किंवा सायडर, शिवाय मीठ, व्हिनेगर, मेणबत्त्या. न्यूयॉर्कच्या विधिमंडळानं सगळं द्यायला नकार दिला. त्यावर १७६७ मध्ये लंडनच्या संसदेनं त्या विधिमंडळाचे कायदे करण्याचे अधिकारच थांबवायचा कायदा केला. प्रश्न बिअरचा कमी, 'आम्हाला न विचारता आमच्या खिशातून का?' हा जास्त.

आपल्याकडचा याचा भाऊ म्हणजे 'परमिट रूम'. १९४९ च्या दारूबंदी कायद्यात प्यायला परमिट लागायचं, तेच बारच्या पाटीवर जाऊन बसलं. जुन्या कोडमधल्या व्हेरिएबलसारखं आहे हे: लॉजिक कुणी विचारत नाही, नाव बदलायलाही कुणी हात लावत नाही.